वरच इंजिन बंद पडलं तर?

कळवणच्या आभाळात हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली की मुलं अंगणात धावतात आणि विचारतात, "अब्बू, वरच इंजिन बंद पडलं तर?"

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात शिकवलं जातं. नाशिकच्या गांधीनगरला २००३ पासून लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची प्रशिक्षण शाळा आहे. लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक कॅप्टन अभिलाषा बराक मे २०२२ मध्ये इथूनच बाहेर पडल्या.

इंजिन थांबलं म्हणून हेलिकॉप्टर दगडासारखं कोसळत नाही. वैमानिक डाव्या हाताचा दांडा लगेच खाली करतो. मग खालून येणाऱ्या हवेवर पाती पवनचक्कीसारखी फिरत राहतात. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मोडायचा आणि अगदी शेवटी दांडा वर ओढून अलगद टेकायचं. पण पहिल्या कृतीला एक-दोन सेकंदच मिळतात. घाबरलेलं मन म्हणतं, 'वर ओढ!' म्हणून हाताला सवय लागेपर्यंत सराव करून घेतात. क्रमही ठरलेला असतो: आधी यंत्र सांभाळा, मग दिशा पाहा, रेडिओवर बोलणं त्यानंतर.

आता आपलं घर. रात्री गॅसचा वास आला तर पहिला हात कुठे जाईल? दिव्याच्या बटणाकडे! तिथेच ठिणगी उडू शकते. बटणाला हात नको. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा. १९०६ ला फोन त्यानंतर.

या जुम्म्याला जेवणं झाली की मुलांकडून हे एकदा करून घ्या. रेग्युलेटर बंद करणं दादीलाही दाखवा.