शाहरुखच्या पुरस्काराचा आनंद आणि 'केरला स्टोरी'चा सल

२३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले. हे पुरस्कार २०२३ सालच्या सिनेमांचे. शाहरुख खानला 'जवान'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान '१२वी फेल'च्या विक्रांत मेस्सीसोबत मिळाला. त्याचा 'दीवाना' १९९२ चा. म्हणजे पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारासाठी तीस वर्षांहून जास्त वाट बघावी लागली. आपल्या घरांत आनंद झाला, तो साहजिकच.

पण हा आनंद नुसत्या नावापुरता नको. 'जवान'मध्ये ट्रॅक्टरच्या कर्जापायी जीव देणारा शेतकरी आहे. वणीत, यवतमाळ जिल्ह्यात ही फक्त पडद्यावरची गोष्ट नाही. कापसाचा पडलेला भाव आणि कर्जाचा तगादा जात-धर्म विचारून दारात येत नाही. हे दुःख पडद्यावर आणणाऱ्या भूमिकेचा गौरव झाला, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते.

त्याच समारंभात 'द केरला स्टोरी'लाही दोन पुरस्कार मिळाले. दिग्दर्शनाचा सुदीप्तो सेन यांना आणि दुसरा छायाचित्रणाचा. केरळचे तेव्हाचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी घोषणा होताच निषेध केला होता. या सिनेमाच्या प्रचारात ३२,००० मुलींच्या धर्मांतराचा दावा होता. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात निर्मात्यांनी कबूल केलं की, या आकड्याला खात्रीशीर आधार नाही आणि कथानक काल्पनिक स्वरूपाचं आहे, अशी सूचना सिनेमात टाकू. सूचना क्षणात निघून जाते. आकडा मात्र चहाच्या टपरीवर, शाळेच्या बाकावर पोचतो आणि जाब आपल्या पोरांना विचारला जातो. पुरस्कारामुळे त्या गोष्टीला सरकारी मोहर लागली, हा आमचा खरा आक्षेप आहे.

मग करायचं काय? रागाचे स्टेटस ठेवून काही होत नाही. कोर्टातली ही नोंद पोरापोरींना नीट सांगा. कुणी विचारलं तर शांतपणे तारखेसह उत्तर देता आलं पाहिजे.

आणि त्यांना त्याच यादीतले मराठी सिनेमेही दाखवा. 'श्यामची आई' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. आचार्य अत्र्यांच्या याच नावाच्या सिनेमाला १९५४ साली, पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळालं होतं. 'नाळ २' सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला, त्यातल्या चिमुकल्या कलाकारांचाही सन्मान झाला. ही भाषा आपलीही आहे. आपल्या घरांतून कुणी लेखक, कॅमेरामन, दिग्दर्शक होऊ पाहत असेल, तर त्याला अडवू नका. आपल्या गोष्टी आपणच सांगायला हव्यात.