हक्क आहे, पण जिना चढून या!

समजा, तुम्ही कर्वेनगरात राहता, व्हीलचेअर वापरता आणि सरकारी नोकरीत आहात. बढतीची वेळ आली आणि दिव्यांग आहात म्हणून तुम्हाला डावललं. काय कराल? कायदा आहे की! दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 म्हणतो, दिव्यांगत्वामुळे बढती नाकारता येत नाही.

पण तक्रार करायला जा, मग खरी गंमत कळते. आधी तुमच्याच कार्यालयातला तक्रार निवारण अधिकारी. त्यानं दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान नाही झालं, तर जिल्हा समिती. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही जाता येतं. ते साक्षीदार बोलावू शकतात, कागदपत्रं मागवू शकतात. पण शेवटी देतात ती शिफारस. खात्याला ती पटली नाही, तर तीन महिन्यांत कारण कळवायचं. मग तुम्ही, वकील आणि उच्च न्यायालय.

आयुक्तालय पुण्यातच आहे. आपण बस पकडून जाऊ हो. गडचिरोलीच्या माणसानं काय करायचं?

आणि वेळेचं काय? 2024 मध्ये ओमकार गोंड हा महाराष्ट्रातला विद्यार्थी नीट पास झाला. त्याचं वाचा-भाषा दिव्यांगत्व 40 टक्क्यांहून जास्त, म्हणून नियमानं एमबीबीएसला अपात्र. मंडळाच्या नकारावर अपील करायला यंत्रणाच नव्हती. उच्च न्यायालयात लगेच दिलासा मिळाला नाही, पुढची तारीख पडली. इकडे प्रवेशाच्या फेऱ्या चालूच. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करून घेतली आणि प्रवेश दिला. नुसत्या टक्क्यांवरून अपात्र ठरवू नका, तो शिकू शकतो का ते बघा, असं निकालात सांगितलं. ओमकार जिंकला. पण दिल्लीपर्यंत किती जण पोचणार? प्रवेश बंद झाल्यावर आलेला निकाल फ्रेम करून लावायचा का?

दार सोपं करता येतं, हेही आपण पाहिलंय. 2023 मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकरानं फुटपाथवरच्या खांबांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना ई-मेल केला. मुंबई उच्च न्यायालयानं त्याचीच जनहित याचिका करून घेतली. ना वकील, ना हेलपाटे.

मला वाटतं, हा अपवाद न राहता नियम व्हायला हवा. तक्रार ई-मेलवर घ्या. सुनावणी ऑनलाइन ठेवा. प्रवेश, परीक्षा, नोकरीचं प्रकरण असेल तर मुदत संपायच्या आत निदान तात्पुरता निर्णय द्या. कोणी म्हणेल, खोट्या तक्रारी वाढतील. वाढू देत. चौकशी करून फेटाळा, पण दारातच अडवू नका.

आणि तुम्ही? पुढच्या वेळी सरकारी कार्यालयात गेलात, की एवढंच विचारा: इथे दिव्यांगांचा तक्रार निवारण अधिकारी कोण? समोरच्याला नाव सांगता आलं नाही, तर तेही लिहून कळवा.