मारणाऱ्यानेही हिशेब द्यावा

दहशतवाद्यांचा एखादा म्होरक्या त्याच्या घरात, मोटारीत किंवा सज्जात गाठून ठार केला गेला, अशी वार्ता आली म्हणजे सामान्य माणसाच्या मनात प्रथम उमटते ती समाधानाची भावना. २००८ च्या नोव्हेंबरातील ते भयंकर दिवस ज्या मुंबईने सोसले, तिला या समाधानाबद्दल नीतिपाठ देण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या हत्याकांडाचे सूत्रधार सीमेपलीकडे राहिले आणि त्यांना भारताच्या स्वाधीन करण्यास तेथले सरकार राजी झाले नाही. मग अशांचे करायचे काय, हा प्रश्न खरा आहे. निव्वळ मानवतेच्या गोष्टी सांगून तो सुटणारा नाही, हे आम्ही जाणतो.

परंतु या बाबतीत कायदा मुका आहे, असा जो समज पुष्कळांनी करून घेतला आहे तो मात्र साफ चुकीचा आहे. ज्या इस्राएलने हे धोरण उघडपणे अंगीकारले, त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २००६ रोजी त्यावर सविस्तर निकाल दिला. न्यायमूर्ती अहारोन बराक यांच्या निकालपत्राचा आशय असा की, अशी प्रत्येक हत्या बेकायदा नसते, तशी प्रत्येक कायदेशीरही नसते. जो नागरिक लढाईत प्रत्यक्ष भाग घेतो तो त्या काळापुरता नागरिकाचे संरक्षण गमावतो. मात्र त्याच्याविषयीची माहिती पक्की हवी. त्याला पकडणे शक्य असेल तर पकडले पाहिजे. निरपराधांची होणारी हानी साध्याच्या मानाने अवाजवी असता कामा नये. आणि हल्ल्यानंतर स्वतंत्र चौकशी झाली पाहिजे. आमच्या मते या चार अटींत चौथी सर्वांत मोलाची आहे, आणि सर्वांत अधिक पायदळी तुडविली गेली आहे तीही हीच.

सालाह शेहादे याचे उदाहरण घ्या. हमासच्या सशस्त्र दलाचा हा प्रमुख. अनेक घातपातांची जबाबदारी त्याच्यावर होती आणि त्याच्यासाठी अश्रू ढाळण्याची आमची इच्छा नाही. २२ जुलै २००२ च्या रात्री गाझा शहरातील दाट वस्तीत त्याच्या घरावर एक टनाचा बॉम्ब टाकण्यात आला. शेहादे मेला, त्याच्याबरोबर डझनाहून अधिक निरपराध माणसे मेली आणि त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. महाभारतातील सौप्तिकपर्व ज्यांनी वाचले आहे त्यांना येथे अश्वत्थाम्याची आठवण होईल. तो निघाला होता धृष्टद्युम्नाचा सूड घ्यायला, आणि परतला द्रौपदीच्या निद्रिस्त पुत्रांनाही मारून. पुढे २००३ च्या सप्टेंबरात इस्राएली हवाई दलाच्या २७ वैमानिकांनी अशा मोहिमांवर जाण्यास जाहीर नकार दिला. सरकारी चौकशी समिती मात्र नेमली गेली २००८ साली आणि तिचा अहवाल आला २०११ साली. जीवितहानी प्रमाणाबाहेर झाली, माहितीत त्रुटी होती, पण गुन्हा कोणाचाच नाही, असा तिचा निष्कर्ष! एका रात्रीच्या कृत्याचा हिशेब मांडायला ज्यांना नऊ वर्षे लागतात, त्यांनी तो मांडला असे तरी कसे म्हणावे?

अमेरिकेची कथा याहून उद्बोधक आहे. राजकीय हत्येस बंदी घालणारा आदेश तेथे १९७६ साली अध्यक्ष फोर्ड यांनी काढला. तो पुढे कायमही राहिला. तरीही ३० सप्टेंबर २०११ रोजी येमेनमध्ये अन्वर अल्-अवलाकी या अमेरिकन नागरिकास ड्रोनने मारण्यात आले. त्याच्या पित्याने त्याआधीच न्यायालयात धाव घेतली होती. परदेशातील नागरिकाचे दूरध्वनी ऐकायचे तर न्यायालयाची अनुमती लागते, मग त्याचा प्राण घ्यायला ती का नको, असा प्रश्न न्यायमूर्ती बेट्स यांनी स्वतःच उपस्थित केला, आणि डिसेंबर २०१० मध्ये दावा फेटाळून लावला. न्यायालय दार लावून घेते तेव्हा चुका कोण पाहणार? २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने दहा माणसे मारली, त्यांत सात मुले होती. अतिरेकी टिपल्याची ग्वाही सेनाधिकाऱ्यांनी दिली. वृत्तपत्रांनी छडा लावल्यावर १७ सप्टेंबरला कबुली आली. शिक्षा कोणालाही झाली नाही.

उलटपक्षी, मुंबईने काय केले ते पाहा. कसाब हा म्होरक्या नव्हता, तो जिवंत हाती लागला होता, हा फरक आम्हाला मान्य आहे. पण त्याच्यावर खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात तो फासावर गेला. त्याच खटल्यातील दोन सहआरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. संशयित आणि अपराधी यांत निवड करण्याची ही सोय आकाशातून येणाऱ्या अस्त्राजवळ नसते.

या हत्यांनी दहशतवाद निदान संपतो का, या प्रश्नाचे उत्तरही उत्साहवर्धक नाही. हिजबुल्लाचा नेता अब्बास मुसावी १९९२ साली मारला गेला. त्याच्या जागी आलेला नसरुल्ला अधिक धूर्त निघाला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात त्यालाही मारीपर्यंत बत्तीस वर्षे गेली.

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, ही आमची चिंता आहे. २०१९ व २०२४ साली आपल्याकडील प्रचारसभांतून घरात घुसून मारण्याची भाषा टाळ्या मिळवून गेली. २०२३ साली कॅनडाने आपल्या भूमीवरील एका हत्येचा आरोप भारतावर केला आणि भारताने तो निराधार म्हणून फेटाळला. सरकारचा नकार आम्ही सरकारच्या शब्दावर घेतो. पण असे शस्त्र उद्या कधी वापरावे लागलेच तर ते कोणत्या कायद्याखाली, कोणाच्या सहीने, आणि चूक झाल्यास कोणत्या न्यायाधीशापुढे, एवढे संसदेने आजच सरकारला विचारून घ्यावे.