पहिले तास गावाचेच

२०१९ च्या २७ जुलैला पहाटे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे, चामटोलीजवळ पाण्यात अडकली, तेव्हा गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते. अंधार, संततधार आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना पसरलेले उल्हास नदीचे पाणी. पुढे एनडीआरएफच्या रबरी बोटी आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, हेलिकॉप्टरे आली आणि दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर पडले. त्यांत गरोदर स्त्रिया होत्या, तान्ही मुले होती. देशभर कौतुक झाले, ते रास्तच होते. पण गाडी थांबल्यापासून पहिली बोट लागेपर्यंत काही तास गेले. त्या तासांत तिथे होते ते रेल्वेचे कर्मचारी, पोलीस आणि आसपासच्या गावांतली माणसे. या महिन्यात आम्हाला त्या तासांबद्दल लिहायचे आहे, कारण पाऊस तोंडावर आला आहे आणि आपल्या तयारीत सर्वांत मोठी फट तिथेच आहे.

एनडीआरएफच्या पाचव्या वाहिनीचे ठाणे पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. पावसाळ्यात तिच्या तुकड्या मुंबई-ठाण्याच्या बाजूला आधीच आणून ठेवतात. तरी पुराच्या रात्री रस्ते तुंबलेले, लोकल बंद, पूल पाण्याखाली. तुकडी कितीही तत्पर असली तरी तिला वेळ लागणारच. उल्हास मात्र वेळ देत नाही. ती खंडाळा-राजमाचीच्या घाटातून उतरते, कर्जत-नेरळ करत बदलापूरला येते. घाटात रात्री कोसळलेला पाऊस काही तासांत खाली पोहोचतो आणि बदलापुरात त्या वेळी नुसती रिमझिम असू शकते. बदलापूरला या नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची १७.५० मीटर आहे. दोहोंत अंतर एका मीटरचे. खाली कल्याणच्या खाडीला भरती असेल तर पाणी ओसरायला जागा नसते. २००५, २०१९, २०२१, प्रत्येक वेळी हेंद्रेपाड्यासारखी सखल वस्ती पाण्यात गेली आणि प्रत्येक वेळी पहिला हात शेजाऱ्याने दिला.

हा शेजारी कोण? आगरी, कातकरी, ठाकूर वस्त्यांतले पट्टीचे पोहणारे, कोंडेश्वरला किंवा बॅरेजच्या बंधाऱ्यावर कुणी बुडाले की पोलीस ज्यांना बोलावून घेतात ते. डोंगर चढणारी, दोराची सवय असलेली पोरे. एखादा ट्रकवाला, जो ट्यूब आणि दोर घेऊन येतो. त्यांतल्या बहुतेकांकडे बोट नाही, जॅकेट नाही, विमा नाही. घरी बायकोला सांगून निघतात एवढीच त्यांची नोंद. आम्हाला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे, आणि म्हणूनच स्पष्ट लिहितो: त्यांच्या धाडसावर विसंबून राहणे ही प्रशासनाची आणि आपल्या बचावक्षेत्राची लाजिरवाणी सवय झाली आहे.

उडी मारणाऱ्याचा सत्कार करण्याची पद्धतही आता थांबवली पाहिजे. या मासिकाच्या वाचकांना क्रम पाठ आहे: आधी काठावरून आवाज द्या, मग काठी किंवा बांबू पुढे करा, मग दोर फेका, मग बोट, आणि पाण्यात उतरणे अगदी शेवटी. पाण्याचा वेग दुप्पट झाला की माणसावरचा जोर चौपट होतो, हे गणित कुणाच्याही छातीच्या मापाला जुमानत नाही. बॅरेजसारख्या बंधाऱ्याखाली तर पट्टीचा पोहणाराही हतबल ठरतो. वरून पडलेले पाणी पायथ्याशी उलटे वळून पुन्हा भिंतीकडे येते, आणि त्या लोळात सापडलेली वस्तू, माणूस असो की बोट, तिथेच गोल फिरत राहते. वरून पाहणाऱ्याला ते पाणी शांत वाटते. तिथे बुडणाऱ्याच्या मागोमाग उतरणारा दुसरा बळी ठरतो, आणि दुसरा बळी बहुतेक वेळा गावातला सर्वांत चांगला माणूस असतो.

ब्रह्मनाळ विसरून चालणार नाही. ८ ऑगस्ट २०१९, म्हणजे महालक्ष्मीनंतर दोन आठवडे उलटण्याआधी, सांगली जिल्ह्यात पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि सतरा जण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. कुणाचीही नियत खोटी नव्हती. बोट भरली, आता पुढच्या फेरीत, असे ठामपणे म्हणणारा आणि ज्याचे म्हणणे सगळे ऐकतील असा एक माणूस काठावर हवा होता.

तो काठावरचा माणूस आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर आरएनएलआय ही संस्था १८२४ पासून देणग्यांवर चालते आणि तिचा फार मोठा भार स्वयंसेवकांवर आहे. त्यांच्या केंद्रांवर बोटीत बसणाऱ्यांच्या मागे बोट पाण्यात ढकलणारे, ट्रॅक्टर चालवणारे, बोट सोडायची की नाही हे ठरवणारे, इंजिन पाहणारे, निधी जमवणारे असे कितीतरी लोक असतात. त्यांनाही पथकाचे सदस्य मानतात. आपल्याकडे पोहता न येणाऱ्याला पथकात जागाच नाही, असा समज आहे. वास्तविक बदलापूरच्या निवृत्त शिक्षकाने पातळीच्या नोंदी आणि फोन सांभाळले, अंबरनाथच्या गॅरेजवाल्याने आउटबोर्ड इंजिन दर आठवड्याला चालवून पाहिले, महिला मंडळाने कोरडे कपडे, चहा आणि बाहेर काढलेल्यांची यादी हे काम घेतले, तर पाण्यातले चार जण निम्म्या काळजीतून मुक्त होतील. वरच्या अंगाला वाहत येणारे ओंडके पाहणारा एक आणि खालच्या अंगाला फेकदोर घेऊन उभे दोघे, यांच्याशिवाय एकही बोट सुटू नये.

उल्हासनगरची गोष्ट आणखी वेगळी आहे. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराच्या कडेने येते, पुढे उल्हासनगरातून वाहत कल्याणकडे जाते, आणि कारखान्यांचे सांडपाणी तिच्यात मिसळत आले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात बेकायदा सोडलेल्या रसायनामुळे झालेल्या वायूबाधेने शेकडो लोकांना रुग्णालय गाठावे लागले होते. अशा पाण्यात बचावाला उतरणाऱ्याला जॅकेटइतकीच गरज आहे ती बुटांची, हातमोज्यांची, जखमा झाकण्याची आणि नंतर स्वच्छ पाण्याने अंग धुण्याची. पुरानंतर ताप आला तर डॉक्टरला ‘मी पुरात उतरलो होतो’ हे सांगण्याची सवय लागली पाहिजे, कारण लेप्टोस्पायरोसिसचे निदान त्या एका वाक्यावर लवकर होऊ शकते. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का, हे पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला पावसाआधी विचारून ठेवा. नाल्याला उग्र वास असेल तर बंद जागेत उतरू नका, मग आत कोणीही असो. अग्निशमन दलाला श्वसनयंत्रासह येऊ द्या.

नदी एक आणि कारभार तीन, ही या पट्ट्याची जुनी अडचण आहे. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ नगरपरिषद, कुळगाव-बदलापूर नगरपरिषद, शिवाय मधली ग्रामपंचायतीची गावे. पाणी वरून खाली येताना हद्द पाहत नाही, पण बोट मात्र हद्दीत अडते. तिन्ही अग्निशमन दलांनी मिळून स्वयंसेवकांची एकच यादी, एकच फोन साखळी आणि मेमध्ये एक संयुक्त सराव, एवढे ठरवायला फार मोठा खर्च नाही. इच्छाशक्तीचा प्रश्न आहे असे म्हणून आम्ही सुटका करून घेणार नाही. लेखी पत्र द्या, पोच घ्या, पुन्हा जा.

विम्याचेही तसेच. केंद्राच्या आपदा मित्र योजनेच्या विस्तारात ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचे ठरले. बारा दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि तीन वर्षांचा विमा अशी तिची रचना आहे. योजना चांगली आहे. पण नदीकाठचा माणूस तीन वर्षांनी निवृत्त होत नाही. ज्यांची नावे सुरुवातीला नोंदली गेली त्यांच्या विम्याची मुदत कधी संपते, हे त्यांनी स्वतः तपासावे आणि नूतनीकरणासाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे अर्ज करावा. विमा नसलेल्या स्वयंसेवकाला पाण्यात पाठवणाऱ्या अधिकाऱ्याने आधी त्याच्या घरच्यांना तोंड कसे दाखवणार याचा विचार करावा.

वाचकांकडे एकच मागणी आहे. हा अंक हाती पडल्यावर आपल्या गावातल्या त्या दोघा-तिघा पोहणाऱ्यांना भेटा, ज्यांना सगळे फोन करतात. त्यांना जॅकेट आहे का, विमा आहे का, त्यांच्यासोबत काठावर कोण उभे राहते, हे विचारा. उत्तर ‘नाही’ आणि ‘कुणी नाही’ असे आले, तर जून लागायच्या आत त्या काठावर तुम्ही उभे राहा.