दोन 'कमाल' एकत्र नांदत नाहीत

पंप हा माझा विषय नव्हे, हे आधीच सांगून टाकते. मी उभा जन्म मराठी आणि इतिहास शिकवला. बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातून केलं. पण शब्दाचा अर्थ लावणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता. म्हणूनच म्हणते, घरच्या घरी संगणक पाण्याने थंड ठेवायची व्यवस्था करणारी मुलं पंप घेताना फसतात, ती यंत्रापायी नव्हे, एका शब्दापायी. तो शब्द म्हणजे 'कमाल'.

आमचा नातू घरी बसून व्हिडिओ एडिटिंगची आणि अ‍ॅनिमेशनची कामं करतो. रात्र-रात्र संगणक चालतो, पंखे घोंघावतात. म्हणून त्याने पाण्याचा घाट घातला. रचना तशी सोपी आहे. प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याचा ठोकळा बसवायचा. त्यात बारीक खाचा असतात, त्यांतून पाणी जातं आणि उष्णता घेऊन पुढे निघतं. मोटारीला असतो तसा छोटा रेडिएटर असतो, त्यात ती उष्णता हवेला देऊन पाणी परत येतं. एक लहानशी टाकी, नळ्या, आणि हे सगळं फिरतं ठेवणारा पंप. शरीरात जे काम हृदयाचं, ते इथे पंपाचं.

पंपाच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक 'कमाल प्रवाह', दुसरा 'कमाल उंची'. "आजी, हा बघ, ताशी १५०० लिटर आणि वर ४ मीटर उंची!" असं नातू म्हणाला, तेव्हा मी त्याला विचारलं, "हे दोन्ही एकाच वेळी का रे?" तो गप्प.

मंडळी, दोन्ही एकाच वेळी कधीच नसतात. पंपाला नळी लावून तिचं तोंड हळूहळू वर उचलत जा. जसजसं वर न्याल, तसतशी धार बारीक होत जाते. एका उंचीला पाणी नळीत नुसतं उभं राहतं, बाहेर थेंबही पडत नाही. ती झाली कमाल उंची, आणि तिथे प्रवाह शून्य. उलट कमाल प्रवाह मिळतो तो पुढे काहीच अडथळा नसताना, म्हणजे उंची शून्य असताना. तुमचा संगणक या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी राहतो. खोक्यावर छापलेल्या दोन्ही ठिकाणी तो कधीच नसतो. चांगले उत्पादक उंची आणि प्रवाह यांचा आलेख देतात. पंप घ्यायचा तो हा आलेख बघून. जो विक्रेता आलेख दाखवत नाही आणि फक्त दोन 'कमाल' सांगतो, त्याच्याकडून घेऊ नये, असं माझं साधं मत आहे.

उंचीबद्दल आणखी एक गैरसमज. रेडिएटर पंपापेक्षा हातभर वर आहे, म्हणून पंप जोरदार हवा, असं मुलांना वाटतं. पण हे पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं नाही. चक्र बंदिस्त आहे. एका नळीतून जेवढं पाणी वर चढतं, तेवढंच दुसरीतून खाली उतरतं, आणि उतरणारं चढणाऱ्याला ओढून घेतं. व्यवस्था एकदा पूर्ण भरली की पंपाला झगडावं लागतं ते फक्त घर्षणाशी. ठोकळ्यातल्या बारीक खाचा, नळ्यांची वळणं, जोड यांच्याशी.

आता प्रवाह किती हवा? इथे पाचवी-सहावीचं गणित पुरतं. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. समजा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ३०० वॅट उष्णता टाकतात. मिनिटाला १ लिटर पाणी फिरलं, तर ते एका फेरीत सव्वाचार अंशांच्या थोडं वर तापेल. मिनिटाला ४ लिटर फिरलं, तर जेमतेम १ अंश. ८ लिटर केलंत, तर अर्धा अंश. म्हणजे ४ वरून ८ वर जाऊन पदरात पडला तो अर्धा अंश! वेग वाढला की ठोकळ्यातही थोडा फायदा होतो हे खरं, पण तोही पुढेपुढे आटत जातो.

आणि या अर्ध्या अंशाची किंमत? प्रवाह दुप्पट करायचा तर अडथळा साधारण चौपट होतो, आणि पंपाला कष्ट आठपट पडतात. त्यातली बरीचशी शक्ती शेवटी त्याच पाण्यात उष्णता होऊन उतरते. थंड करायला आणलेला पंपच पाणी तापवू लागतो. आवाज वाढतो तो वेगळाच. ज्या घोंघावण्याला कंटाळून हा सगळा खटाटोप केला, ते मागच्या दाराने परत येतं. मिनिटाला ३-४ लिटर मिळाले की घरगुती व्यवस्थेला पुष्कळ झालं, असं मी म्हणते ते या हिशोबाने.

या छंदात दोन पंप फार नावाजलेले आहेत, डी-५ आणि डीडीसी. दोन्ही मूळ लाईंग कंपनीचे. ती पुढे आयटीटीकडे गेली आणि २०११ साली आयटीटीतून वेगळ्या निघालेल्या झायलेमकडे आली. दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. डी-५ अंगाने थोडा मोठा. त्याची कमाल उंची ४ मीटरच्या आसपास आणि कमाल प्रवाह ताशी १५०० लिटर. पूर्ण वेगात तो २३ वॅटपर्यंत घेतो, पण स्वभावाने शांत. त्याची मोटार त्याच्यातूनच वाहणाऱ्या पाण्याने थंड राहते. डीडीसी मुठीएवढा, लहान पेटीत सहज बसणारा. प्रवाह कमी, पण जोर जास्त, त्यामुळे अडथळे पुष्कळ असतील तिथे उपयोगी. मात्र त्याचा १८ वॅटचा प्रकार बुडाशी चांगलाच तापतो, त्याला वारा लागावा अशी जागा ठेवावी लागते. जागा असेल तर मी डी-५ कडे झुकेन, आणि तोही वेग कमी-जास्त करता येणारा. पंप मंद चालवला की तो शांत राहतो, आणि अडीअडचणीला जोर शिल्लक राहतो. पगार सगळा खर्च न करता काही मागे टाकावा, तसंच हे.

"कूलरचाच पंप बसवू, शंभर-दोनशेत काम होईल," असं सुचवणारे आमच्या अकोल्यात पुष्कळ भेटतील. त्यांना माझा सक्त विरोध आहे. तो पंप २३० व्होल्टचा. लोखंडी पेटी, पाणी आणि घरातली मुख्य वीज यांचा संग नको. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या काही नव्या नाहीत. पूर्वी, तयार सामान मिळत नव्हतं तेव्हा, परदेशातले हौशी लोक एहाइमचे मत्स्यालयाचे पंप वापरत. एहाइमचा १०४८ घ्या. १० वॅट, ताशी ६०० लिटर. त्या लोकांचं पुष्कळ भागलं. म्हणजे थोडक्या शक्तीत काम होतं हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. पण आज १२ व्होल्टचे पंप मिळत असताना तो धोका कशाला?

निवडीइतकीच बसवण्याची बाब महत्त्वाची. हे पंप स्वतःहून पाणी ओढून घेत नाहीत, म्हणून टाकी वर आणि पंप खाली हवा. कोरडा तर क्षणभरही चालवू नये, कारण आतल्या बेअरिंगला वंगण असतं ते पाण्याचंच. बोअरचं जड पाणी घालू नये, डिस्टिल्ड घालावं. त्यात शेवाळ धरू नये म्हणून मिळणारं औषधही टाकावं. तांब्याच्या ठोकळ्याबरोबर अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर घेऊ नये, दोन धातू एका पाण्यात आले की एक दुसऱ्याला खातो. पंपाची वीज थेट पॉवर सप्लायवरून घ्यावी, कारण मदरबोर्डवरचं पंख्याचं सॉकेट साधारण १ अँपिअरच सोसतं. मात्र वेग सांगणारी वायर प्रोसेसरच्या पंख्याच्या सॉकेटला जोडावी आणि इशाऱ्याची सोय चालू ठेवावी. मग पंप थांबला तर संगणक स्वतःच बोंब मारतो. आजचे प्रोसेसर फार तापले तर आपोआप मंदावतात आणि शेवटी बंद होतात, हे खरं. पण मध्यरात्री बंद पडलेल्या संगणकावर ज्याचं सकाळी द्यायचं काम अडलेलं असतं, त्याला ते सांगून काय उपयोग?

शेवटचं, आणि जरा कटू. बंदिस्त पाणी म्हणजे माठ नव्हे. माठ पाझरतो, त्यातलं पाणी उडतं, म्हणून तो हवेपेक्षा गार होतो. इथे काहीच उडत नाही. मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल, तर जगातला कुठलाही पंप त्या पाण्याला ४० च्या खाली नेणार नाही. तेव्हा आधी खोली थंड करा, रेडिएटर मोठा घ्या, आणि मग उरलेल्या पैशात पंप बघा. साधं काम असेल तर चांगला हवेचा कूलरच बरा. त्यात पंपच नाही, मग बिघडणार काय?

असो. मी नातवाला अडवलं नाही, अडवणारही नाही. हाताने काही करून बघणारी मुलं मला आवडतात. माझं मागणं एवढंच आहे की आकडा मोठा दिसला म्हणून भुलू नये, तो कशाचा आहे हे विचारावं. ज्या पंपाने वर्षानुवर्षं आवाज न करता मिनिटाला चार लिटर पाणी फिरवलं, तो माझ्या लेखी चांगला. खोक्यावर त्याच्यासाठी 'कमाल' छापलं नसलं तरी चालेल.