परदेशी किटने कपाट भरू नका, आपली पद्मिनी बनवा



व्हिडिओत हा विषय घाईत संपवावा लागला, म्हणून इथे नीट लिहितोय. क्लासला येणारी पोरं अलीकडे विचारतात, "सर, जुन्या गाड्यांची स्केल मॉडेल किट बाहेरून मागवून ऑनलाइन विकली तर?" माझं मत सरळ आहे. लाख-दीड लाखाच्या भांडवलात हा मागवून विकायचा धंदा करू नका. त्याच गिऱ्हाइकाला किट बनवून विकायचा मात्र विचार जरूर करा.

आधी गिऱ्हाईक समजून घ्या. या छंदात "स्टॉक" म्हणजे गोदामातला माल नव्हे. स्टॉक म्हणजे कंपनीतून निघाली तशी गाडी. मूळ बंपर, मूळ चाकं, मूळ रंग. एएमटी या अमेरिकन कंपनीने १९५८ पासून "थ्री-इन-वन" किट आणली. एकाच डब्यात स्टॉक, कस्टम आणि रेसिंग अशा तिन्ही प्रकारे गाडी जोडायची सोय. पुढे बऱ्याच गाड्यांची किट रुंद टायर आणि उघड्या इंजिनवालीच जास्त निघाली. म्हणून जुनी गाडी जशी होती तशीच हवी असलेला माणूस जगभर शोधतच असतो. डब्यावरचं चित्र बघून तो घेत नाही. आतले भाग कोणते, हे आधी विचारतो. हे ज्याला माहीत नाही, त्याचा माल परत येतो.

आता आपल्याकडचा शोध बघा. १:२४ मापात टामियाची बीटल मिळते, इटालेरीची युद्धातली विलीज जीप मिळते. पण आपल्या माणसाच्या मनात बसलेली गाडी वेगळी आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात बनवलेली फियाट, जिचं नाव पुढे पद्मिनी झालं. हिंदुस्तान मोटर्सची अँबेसिडर, जी २०१४ मध्ये बंद झाली. १९४७ पासून महिंद्राने मुंबईत जुळवायला घेतलेली जीप. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. तेव्हा लोक तिच्यासोबत फोटो काढत होते. टॅक्सीवाल्यांच्या युनियनने एक तरी पद्मिनी जपून ठेवा अशी मागणी केली होती. ही ओढ खरी आहे. पण दुकानात पद्मिनी मागितली तर मागे ओढून सोडायची खेळण्यातली टॅक्सी हातात येते. स्वतः बसून जोडायचं, रंगवायचं किट मागितलं तर दुकानदार मस्टँग पुढे करतो.

मग मस्टँगच मागवून विकू? हिशोब करा. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. स्केल मॉडेलही त्याच गटात येतात. समजा किट वाहतुकीसह २,००० रुपयांना पडलं. ७० टक्क्यांनी १,४०० ड्युटी, म्हणजे ३,४०० झाले. वर अधिभार, जीएसटी, कुरिअर आणि तुमचं मार्जिन. तेच किट मोठा आयातदार तुमच्यापेक्षा स्वस्तात विकतोय. तुमच्याकडे पन्नास डबे, त्यातले दहा जातील, चाळीस कपाटात. घरून आणलेले पैसे कांद्याच्या पट्टीचे असतात मित्रांनो. ते डब्यात अडकले की पुढच्या लागवडीला सावकार गाठावा लागतो. छंदवाल्याचं कपाट भरलं की त्याला आनंद होतो, दुकानदाराचं भरलं की व्याज चढतं.

बनवायचं गणित वेगळं आहे. पद्मिनी साधारण ३.९ मीटर लांब, म्हणजे १:२४ मध्ये सोळा सेंटीमीटर. अँबेसिडर अठरा. तळहातापेक्षा थोडी लांब. चेसिस आणि सीटचे सपाट भाग लेझर कटिंगवर निघतात, बॉडी आणि बोनेटचे गोलवे थ्रीडी प्रिंटवर. मशीन घ्यायची गरज नाही. नाशिकला जॉबवर्क करून मिळतं. तुमचं काम म्हणजे अचूक माप, स्वच्छ फिनिशिंग आणि मराठीत छापलेला जुळणीचा कागद. माप इंटरनेटवरच्या चित्रावरून घेऊ नका. बागलाण तालुक्यात शोधलं तर कुणाच्या तरी वाड्यात, गोठ्यामागे जुनी जीप किंवा फियाट उभी सापडेल. मालकाची परवानगी घ्या, टेप लावा, चारही बाजूंनी फोटो काढा.

आणि खरं मार्जिन इथे आहे: गिऱ्हाइकाच्या घरची गाडी. आजोबांच्या फियाटचा तोच रंग, एमएच-१५ येण्याआधीचा तीन अक्षरी नंबर, पाटीवर तीच अक्षरं. निवृत्तीला, साठीला, गॅरेजच्या उद्घाटनाला हे कोण देणार नाही? असं किट परदेशी कंपनी बनवूच शकत नाही.

"सटाण्यात हे घेणार कोण?" असं म्हणाल. सटाण्यात दोन-चारच जण घेतील, मान्य. देवमामलेदारांच्या यात्रेत खेळण्यांच्या दुकानात हा माल लावूही नका, तिथे शंभर रुपयांच्या गाडीशी तुलना होईल. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत आहे, वजन हलकं आहे, पार्सलने जातं.

दोन गोष्टी मात्र आधीच तपासा. एक, १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. डब्यावर नुसतं "१४+" छापून सुटका होते असं धरू नका. माल मोठ्यांच्या संग्रहासाठीच आहे हे त्याच्या बनावटीतून, जाहिरातीतून दिसलं पाहिजे. बीआयएसचे नियम वाचा, सीएला विचारा. दोन, गाडीचं नाव, लोगो आणि डिझाइन कंपनीच्या हक्काचं असू शकतं. घरच्या गाडीची एक ऑर्डर वेगळी, शंभर किट छापून विकणं वेगळं. ट्रेडमार्कवाल्या वकिलाची एक फी आत्ता परवडते, नोटीस आल्यावर परवडत नाही.

सुरुवात अशी करा. एकच गाडी निवडा. एक नमुना बनवा, स्वतः जोडून बघा, भाग बसत नसेल तर पुन्हा काढा. त्याचे फोटो जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर टाका आणि निम्मा ॲडव्हान्स घेऊन दहाच ऑर्डर घ्या. दहा माणसं ॲडव्हान्स देत नसतील तर तुमचं नुकसान एका नमुन्यापुरतं राहील. देत असतील, तर अकराव्या किटचं भांडवल गिऱ्हाइकानेच दिलेलं असेल.