शेवटच्या तीन तारा

मागच्या रविवारी नातीला घेऊन केलगेरी तलावाकडे निघालो होतो. वाटेत म्हैस आडवी आली, स्कूटरचा पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर एकदम सैल! वायर तुटली होती. मागच्या ब्रेकवर कसाबसा थांबलो.

मेकॅनिकने तुकडा दाखवला. लिव्हरपाशी, जिथे वायर दर वेळी वाकते, तिथल्या बहुतेक बारीक तारांची टोकं काळी पडलेली, तीनच चकचकीत. "काका, आज एवढ्याच तुटल्या. बाकीच्या कधीच गेल्यात."

धातू असाच थकतो. एका दाबाने काही होत नाही. ताण हजारो वेळा आला-गेला की सूक्ष्म भेग पडते, हळूहळू वाढते. जोराचा ब्रेक आयुष्याचा मोठा घास घेतो, हलका छोटा. या घासांची बेरीज मांडायची रीत मायनर यांनी १९४५ मध्ये लोकप्रिय केली. १९५४ साली दोन कॉमेट विमानं आकाशात फुटली, तीही दर उड्डाणाला केबिनमधला हवेचा दाब चढून-उतरून पत्रा थकल्यामुळेच.

आमची लिव्हर महिनाभर जड लागत होती. मी आपला तेल सोडत राहिलो! सूनबाईंना अजून सांगितलेलं नाही. हे वाचतील तेव्हा कळेलच.